कॉम्प्रेसर पेडलचे नॉब नेमकं करतात काय? (इलेक्ट्रिक गिटार आणि बेस)

मुलुंडकर_६तार

बँडमध्ये दोन कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारे पेडल) आहेत. गिटारच्या पेडलला दोनच नॉब, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. बेसच्या पेडलला पाच: इनपुट, आउटपुट, अटॅक, रिलीज, रेशो. "अटॅक बारा वाजता, सस्टेन दोन वाजता" असल्या रेसिप्या नेटवर ढिगाने आहेत, पण त्या दुसऱ्याच्या पिकअपच्या आणि दुसऱ्याच्या हाताच्या. नॉब फिरवला की आत काय होतं ते कळलं तर आपलं आपण लावता येईल.

सध्याच्या तक्रारी अशा. गिटारवर पिकची धार जाते आणि वाजवणं थांबवलं की "सूंऽऽ" वर येतं. बेसवर खालची ई तार जोरात वाजवली की घरघर होते, आणि स्लॅपमधला (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) पॉप, म्हणजे बोटाने उपटलेला सूर, वाजला की त्याच्या पुढचे दोन सूर गायब. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

खर्जातला

आधी चार शब्द पक्के करू, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

रिमोट हातात धरून टीव्ही बघणारे आजोबा डोळ्यापुढे आणा. जाहिरात जोरात लागली की आवाज खाली, मालिका सुरू झाली की परत वर. आवाज किती झाल्यावर बटण दाबायचं हा थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. उंबरठ्याच्या वर जे गेलं त्यातलं किती राहू द्यायचं हा रेशो. बटण किती चपळाईने दाबतात तो अटॅक. जाहिरात संपल्यावर आवाज परत वर यायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. कॉम्प्रेसर एवढंच करतो: आवाज कमी करतो. वाढवायचं काम वेगळ्या नॉबचं, त्याला मेकअप गेन, आउटपुट, लेव्हल किंवा व्हॉल्यूम म्हणतात.

आता हिशेब. उंबरठा उणे २० डीबीवर (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आहे आणि तुमचा जोरकस ठोका उणे ८ डीबीचा. म्हणजे तो उंबरठ्याच्या १२ डीबी वर गेला.

२:१ रेशोला १२ चे ६ उरतात. सूर उणे १४ वर येतो, कपात ६ डीबी.
४:१ ला १२ चे ३ उरतात. सूर उणे १७ वर, कपात ९ डीबी.
२०:१ ला जेमतेम अर्धा डीबी उरतो, म्हणजे सूर उंबरठ्यालाच चिकटतो. याला लिमिटिंग म्हणतात.

आणि उणे २५ चा हळू वाजवलेला सूर? त्याला कोणीही हात लावत नाही. जोरकस आणि हळू यांच्यातलं अंतर आधी १७ डीबी होतं, ४:१ ला ते ८ झालं. आता आउटपुट ९ डीबी वाढवा. ठोका मूळ उंचीवर परत येतो आणि हळू सूर ९ डीबीने वर येतो. "सस्टेन वाढला" म्हणतात तो हाच प्रकार. सतारवाले ज्याला आस म्हणतात, ती सुराची शेपटी तारेत लांबत नाही. ती असते तेवढीच, फक्त ऐकू यायला लागते. पण त्या शेपटीबरोबर पिकअपची गुणगुणही ९ डीबीने वर येते. तुमच्या "सूंऽऽ"चं मूळ हे.

आणखी एक, बऱ्याच पेडलवर थ्रेशोल्ड नावाचा नॉबच नसतो. उंबरठा जागेवर ठोकलेला असतो आणि इनपुट किंवा सेन्सिटिव्हिटी वाढवून सिग्नलच त्याच्यावर उचलायचा असतो. १९६७ च्या प्रसिद्ध ११७६ या स्टुडिओ युनिटची रीत हीच, आणि तुमच्या पाच नॉबच्या पेडलची मांडणी त्याच घराण्यातली दिसते. म्हणून इनपुट वाढवणं आणि उंबरठा खाली आणणं हे कपातीच्या दृष्टीने एकच. फरक एवढाच की इनपुट वाढवल्यावर एकूण आवाजही वाढतो, तो आउटपुटने उतरवावा लागतो.

चिमटीतलं_पिक

आजोबा आवडले. गिटारपुरतं पुढे लिहितो.

पिकची धार म्हणजे सुराचे पहिले १० ते ३० मिलिसेकंद. "टक्" तिथेच असतो, नंतर नुसता सूर. अटॅक २ मिलिसेकंदांचा असेल तर टक् होतो न होतो तोच आजोबांनी बटण दाबलेलं असतं. धार गेली. अटॅक २५-३० ला नेला की टक् सुटून जातो, मागचा सूर दाबला जातो आणि धार उलट जास्त उठून दिसते. कॉम्प्रेसरने पंच जातो की येतो यावर लोक तावातावाने भांडतात, त्यातल्या निम्म्या लोकांचा अटॅक एका टोकाला असतो आणि निम्म्यांचा दुसऱ्या.

गोंधळ इथेच आहे. ११७६ वर अटॅकचा नॉब उजवीकडे फिरवला की अटॅक जलद होतो, आणि तो सगळाच सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत: २० ते ८०० मायक्रोसेकंद. बॉस कंपनीच्या सीएस-३ या पेडलवर मात्र अटॅक उजवीकडे नेला की पिकचा ठोका जास्त ऐकू येतो, म्हणजे अटॅक मंद होतो. नाव एकच, दिशा उलटी. तेव्हा "अटॅक दोन वाजता" या वाक्याला पेडलचं नाव सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

दिशा ओळखायची युक्ती: रेशो आणि इनपुट पूर्ण वर न्या, आवाज अगदी चपटा करून टाका. मग एकच सूर एकसारखा वाजवत अटॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ज्या टोकाला टक् मरतो ते जलद टोक. त्याच्यावर मार्करने खूण करा आणि विषय संपवा.

बांद्र्याचा_बार_कॉर्ड

> अटॅक २५-३० ला नेला की टक् सुटून जातो

म्हणजे पहिले ३० मिलिसेकंद कॉम्प्रेसर झोपलेला असतो आणि ३१ व्याला जागा होतो, बरोबर?

खर्जातला

नाही, हा समज सगळीकडे आहे. उंबरठा ओलांडल्या क्षणी काम सुरू होतं. अटॅकचा आकडा ठरलेल्या कपातीचा बराचसा भाग, साधारण दोन-तृतीयांश, पुरा व्हायला लागणारा वेळ सांगतो. आजोबा झोपलेले नाहीत, बटण हळूहळू दाबतायत. ९ डीबी कपात व्हायची असेल आणि अटॅक ३० चा असेल तर ३० मिलिसेकंदांवर सुमारे ६ डीबी कपात झालेली असते. कंपन्या आकडा मोजतानाही वेगवेगळी फूटपट्टी लावतात, म्हणून एका पेडलचे १० आणि दुसऱ्याचे १० सारखे ऐकू येतीलच असं नाही.

रिलीजचंही तसंच. सिग्नल उंबरठ्याखाली जायची वाट तो बघत नाही. सूर थोडा उतरला तरी कपात सुटायला लागते.

भडकमकर_मार्गी

दोन नॉबच्या पेडलच्या पोटात काय असतं ते सांगतो, कारण तिथे मिळणारं उत्तर नॉबवर लिहिलेलं नसतं.

डायना कॉम्प आणि रॉस या घराण्यातल्या पेडलमध्ये सीए३०८० हा ओटीए असतो, म्हणजे करंट बदलला की गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बदलणारी चिप. तुम्ही काहीच वाजवत नसता तेव्हा तो पूर्ण गेनवर उभा असतो. सूर आला की डिटेक्टर (सिग्नलची उंची मोजणारा भाग) त्याचा करंट ओढून घेतो आणि गेन पडतो. म्हणजे शांततेत सगळ्यात जास्त गेन. सेन्सिटिव्हिटी वाढवली की हा शांततेतला गेनच वाढतो. थांबल्यावर सूं वर येतं ते बिघाडामुळे नाही, सर्किटचा स्वभावच तो.

गेन परत वर यायचा वेळ या सर्किटमध्ये एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर ठरवतात: १५० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड. गुणाकार १.५ सेकंद. हा रिलीज खूपच लांब आहे, म्हणून जलद ऱ्हिदमला असा पेडल बसकाच वाटतो. सोल्डरिंग येत असेल तर तो १५० किलोओहम काढून त्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० किलोओहमचा लिनियर पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) लावा. सुमारे ०.१ ते १.१ सेकंदांपर्यंत हवा तसा रिलीज मिळतो. १० किलोओहम वगळू नका, नाहीतर पॉट शून्यावर गेला की कपॅसिटर थेट सप्लायला जोडला जाईल. वेगवेगळ्या कॉपी-पेडलमध्ये पार्टचे नंबर वेगळे असतात. तेव्हा नंबर न बघता व्हॅल्यू बघा आणि ट्रॅक त्या १० मायक्रोफॅरडपर्यंत जातोय याची मीटरने खात्री करा.

गंमत म्हणजे हाच बदल करून काही पेडलवर त्या नॉबला "अटॅक" असं नाव छापलेलं असतं. कान म्हणतो "पिक जास्त ऐकू येतंय", कारण पुढचा सूर येईपर्यंत गेन परत वर आलेला असतो. बदलला मात्र रिलीज.

चिप जळली तर जपून. सीए३०८० चं उत्पादन केव्हाच बंद झालं आहे. बाजारात जुन्या चिपवर नवीन नाव छापलेले नगही फिरतात. एलएम१३७०० हा त्याचा भाऊबंद मिळतो, पण त्याला १६ पाय आणि याला ८, सॉकेटात सरळ बसत नाही.

मुलुंडकर_६तार

हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, आभार. गिटारचं कोडं सुटलं म्हणायचं. आता बेसची घरघर आणि गायब होणारे सूर?

अवांतर: भडकमकर मार्ग म्हणजे लॅमिंग्टन रोड हे ज्यांना माहीत नाही ते तुमचा आयडी वाचून भलतंच समजत असतील.

खर्जातला

बेस हा कॉम्प्रेसरचा खरा पेपर आहे, कारण खर्जाची लाट लांब असते.

खुली ई तार ४१ हर्ट्झ. एक लाट पुरी व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. पाच तारांचा बेस असेल तर बी ३१ हर्ट्झ, ३२ मिलिसेकंद. डिटेक्टर लाटेचं वरचं आणि खालचं अशी दोन्ही शिखरं मोजतो, म्हणजे ई तारेवर दर १२ मिलिसेकंदांनी एक शिखर. आता रिलीज २० मिलिसेकंदांचा ठेवलात तर दोन शिखरांच्या मधल्या वेळात गेन बराचसा परत वर येतो, पुढच्या शिखराला पुन्हा खाली. एकाच लाटेच्या आत आवाज वरखाली होऊ लागला की लाटेचा आकार मोडतो. आकार मोडणं म्हणजेच डिस्टॉर्शन. तुमची घरघर ती. गिटारच्या खालच्या ई ची लाट १२ मिलिसेकंदांची, म्हणून तिथे हाच रिलीज चालून जातो.

उपाय: बेसवर रिलीज १०० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका, १५० ते २५० मध्ये सुरुवात करा. अटॅकही अतिजलद ठेवला तर लाटेचं पहिलं शिखर असंच चावलं जातं. बोटांनी वाजवत असाल तर २० ते ४० मिलिसेकंद ठीक.

पॉपनंतर सूर गायब होतात ते उलट बाजूचं दुखणं. पॉपचं शिखर साध्या सुराच्या कितीतरी वर जातं, १२-१५ डीबी कपात होते आणि रिलीज लांब असेल तर गेन परत येईपर्यंत पुढचे सूर निघून गेलेले असतात. १०० च्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंद, पाव मात्रा १५०. पाव मात्रेचे सूर वाजवताना रिलीज ५०० असला तर ते पॉपच्या सावलीतच वाजणार.

म्हणजे रिलीजला वरून लय दाबते आणि खालून लाट. ई तारेच्या एका लाटेच्या चौपट काळ धरला तर साधारण १०० ही खालची हद्द, आणि पाव मात्रा ही वरची. १०० च्या लयीत तुम्हाला १०० ते १५० एवढीच फट उरते. लय १४० झाली की पाव मात्रा १०७ वर येते आणि फट जवळजवळ मिटते. तेव्हा रिलीजशी झटापट थांबवा, कपातच कमी करा.

लावायचा क्रम, पेडलवर मीटर असेल तर:

सगळ्यात आधी बेसचे स्वतःचे नॉब गाण्यात असतात तिथे ठेवा. रेशो ४:१, अटॅक मंद बाजूला, रिलीज मध्यावर, इनपुट शून्याजवळ. कार्यक्रमात वाजवता तेवढ्याच जोराने वाजवा, घरात बसून वाजवता तसं नको. इनपुट वाढवत जा. जोरकस सुरांना ४ ते ६ डीबीचे दिवे लागले पाहिजेत आणि हळू सुरांना सगळे विझले पाहिजेत. दिवे कधीच विझत नसतील तर तुम्ही कॉम्प्रेस करत नाही आहात, नुसता आवाज कमी करून परत वाढवताय. मग एक जोरात आणि लगेच एक हळू अशी जोडी वाजवा: हळू सूर गिळला जात असेल तर रिलीज कमी. खुली ई धरून ठेवा: कडांना खरखर आली तर रिलीज जास्त. शेवटी आउटपुट.

स्लॅपसाठी ८:१, अटॅक ५ ते १० आणि उंबरठा वर, म्हणजे फक्त पॉपलाच लगाम बसेल आणि अंगठ्याचे सूर मोकळे राहतील.

चिमटीतलं_पिक

> शेवटी आउटपुट

या दोन शब्दांवर एक अख्खा प्रतिसाद हवा. नव्व्याण्णव टक्के गैरसमज इथे होतात.

कानाला जोरातला आवाज चांगलाच वाटतो. पेडल चालू केल्यावर २ डीबी जास्त येत असेल तर "वा, काय जान आली" असं होतं, त्यात कॉम्प्रेशनचा वाटा काहीही नसतो. म्हणून बायपास (पेडल बंद) आणि चालू यांचा आवाज सारखा करूनच मत द्या. सारखा करताना साधा, सलग ऱ्हिदम वाजवा. एकटा जोरकस ठोका किंवा एकटा लांब सूर फसवतो.

मीटर नसलेल्या पेडलला फोनवर रेकॉर्ड करून ग्राफ बघायचा मोह होतो. करू नका. फोनच्या रेकॉर्डरमध्ये बहुधा स्वतःचाच ऑटो गेन असतो, म्हणजे कॉम्प्रेसरचा फोटो कॉम्प्रेसरने काढल्यासारखं. साधा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस घ्या, आठ ठोके बायपासमध्ये आणि आठ चालू करून रेकॉर्ड करा. लाटेच्या चित्रात अटॅक आणि रिलीज अक्षरशः डोळ्यांनी दिसतात: सुरुवातीचा काटा किती उंच आणि त्यानंतरचा खळगा किती लांब.

स्वच्छ ऱ्हिदमला सुरुवात: ४:१, अटॅक २०-२५, रिलीज १२०, कपात ५ च्या आसपास. कोळीगीताच्या ठेक्यावर चिक-चिक मारायचं असेल तर अटॅक ३० पर्यंत न्या, ढोलकीच्या थापेच्या शेजारी पिकचा टक् ऐकू यायला हवा. संथ लीडला अटॅक १०, रिलीज ४००. तारा आतल्या पंजाने म्यूट करायची सवय नसेल तर कॉम्प्रेसर चालू करून सराव करू नका, न वाजवलेल्या तारांची कुजबुजही तो वर आणतो.

बांद्र्याचा_बार_कॉर्ड

स्पष्ट बोलतो, कॉम्प्रेसर म्हणजे कच्च्या हाताची कुबडी. हात समान पडत असेल तर लागतोच कशाला?

चिमटीतलं_पिक

कच्च्या हाताला तो लपवत नाही, उलट उघडा पाडतो. वरचं कुजबुजीचं वाक्य परत वाचा. आणि हात कितीही समान असला तरी तारा समान नसतात. बेसवर जी तारेवरचे काही सूर उठतात, काही बसतात, मानेच्या लाकडाच्या कंपनामुळे एखाददुसरा सूर लवकर विझतो. त्याला रियाजाने काय करणार?

बांद्र्याचा_बार_कॉर्ड

विझणाऱ्या सुराचा मुद्दा मान्य. कुबडी शब्द मागे, "सवय" म्हणू.

नाट्यगृह_साउंड

मिक्सरच्या मागून थोडं.

बेस डीआयने (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी जोडणी) आमच्याकडे येतो आणि डिजिटल मिक्सरच्या त्या चॅनलवर बहुतेकदा आधीच एक कॉम्प्रेसर चालू असतो. तुमचा ४:१ आणि आमचा ४:१ एकामागोमाग लागले आणि सूर दोन्ही उंबरठ्यांच्या वर असला, तर रेशोंची बेरीज होत नाही, गुणाकार होतो: १६:१. पेडलवर जे छान वाटत होतं ते हॉलमध्ये दगडासारखं वाजतं आणि बेसिस्ट आमच्याकडे बघून हात हलवत राहतो. साउंड चेकला एवढंच सांगा: "दादा, बेस कॉम्प्रेस करून देतोय, तुमचा काढा." काढायचा नसेल तर आमचा उंबरठा एवढा वर ठेवला जावा की तो फक्त अपघाताला धावेल. बेस अ‍ॅम्पच्या डीआयला प्री-पोस्टचं बटण (नॉबच्या आधीचा सिग्नल द्यायचा की नंतरचा) असतं, तेही बघा. मात्र पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये असेल तर प्री ला सुद्धा तो कॉम्प्रेस झालेलाच सिग्नल जातो.

शिवाजी मंदिर असो की गडकरी रंगायतन, रिकाम्या हॉलमधला बेस आणि भरलेल्या हॉलमधला बेस वेगळा. पण त्यासाठी कॉम्प्रेसर फिरवू नका. खोलीच्या घुमण्याला ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारे नॉब) आहे.

इलेक्ट्रो-अकूस्टिक वाजवणाऱ्यांना वेगळी सूचना. मेकअप गेन १० डीबी दिलात की मॉनिटर शिटी मारायला १० डीबी जवळ येतो, कारण शांततेत कपात शून्य असते आणि मेकअप पूर्ण असतो. अकूस्टिकला ३ डीबीच्या वर कपात मागू नका.

भडकमकर_मार्गी

सूंच्या बाबतीत आणखी, कारण आपल्या मुंबईच्या वायरिंगला कॉम्प्रेसर भिंग लावतो.

आपला मेन्स ५० हर्ट्झचा, सिंगल कॉइल पिकअप ती गुणगुण उचलतोच. त्यात गाळ्यातल्या जॅम रूममध्ये पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो, तो लाट मधूनच कापतो आणि तिखट "झर्र" सोडतो. पंखा पूर्ण वेगावर करा किंवा बंद करा, अर्धं काम होतं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर बेस-गिटारच्या आतलं शील्डिंग अपुरं आहे, पेडलला दोष नको. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र ताबडतोब थांबा, त्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

अ‍ॅडाप्टर: बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, आतला पिन निगेटिव्ह. रस्त्यावर मिळणारे बरेच अ‍ॅडाप्टर आतला पिन पॉझिटिव्हचे असतात, व्होल्टेज बरोबर आणि प्लग बसतो म्हणून लावू नका. कॉम्प्रेसर मोजून काही मिलीअँपिअर खातो, पण मोबाइल चार्जरच्या जातीचा हलका स्विचिंग अ‍ॅडाप्टर "चीं" सोडतो. ते गेनने वर येतं. शंका आली की ९ व्होल्टचा सेल घालून बघा: आवाज गेला तर अ‍ॅडाप्टर बदला. बॉसच्या जुन्या पेडलवर एसीए लिहिलं असेल आणि ९ व्होल्टच्या रेग्युलेटेड अ‍ॅडाप्टरवर दिवा मंद लागत असेल तर ते पेडल खराब नाही, त्याला जुन्या पद्धतीचा सप्लाय हवा आहे.

पावसाळ्यात जॅकच्या पत्र्यावर ऑक्साइड बसतो आणि कुरकुर येते. कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकवर मारा, प्लग दहा वेळा आत-बाहेर करा. पॉटसाठी पॉटचाच क्लीनर घ्या, गंजाचं सर्वसाधारण तेल नको.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा पेडल) लावायचा तर कॉम्प्रेसरच्या आधी. नंतर लावला तर त्याच्यासमोर सूर आणि गुणगुण यांच्यातलं अंतर आधीच कमी झालेलं असतं, तो सुराची शेपटी कापतो.

मुलुंडकर_६तार

चेनमधला, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पेडलचा क्रमही सांगून टाका. ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाडणारा पेडल) आधी की नंतर?

चिमटीतलं_पिक

आधी. ओव्हरड्राइव्हला समान सिग्नल मिळतो, शेपटीलाही धार राहते. नंतर ठेवलात तर ड्राइव्हने आवाज आधीच चपटा केलेला असतो, कॉम्प्रेसरला दाबायला काही उरत नाही, फक्त खरखर वर येते. मात्र गिटारचा व्हॉल्यूम कमी करून ड्राइव्ह स्वच्छ करायची ज्याला सवय आहे त्याला आधीचा कॉम्प्रेसर त्रास देतो. तुम्ही कमी करता, तो परत वाढवतो.

व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरच्या नंतर, याच कारणाने. ऑटो-वाह किंवा एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोरानुसार टोन बदलणारे पेडल) कॉम्प्रेसरच्या आधी, कारण त्याला हाताचा चढउतारच हवा असतो. जुन्या घडणीचा फझ (ओव्हरड्राइव्हपेक्षा खरखरीत फाडणारा पेडल) असेल तर त्याला थेट गिटारच्या मागे जागा द्या, मधे काही आलं की तो रुसतो.

खर्जातला

बेसवाल्यांसाठी राहिलेलं: ब्लेंड आणि साइडचेन फिल्टर.

ब्लेंडमध्ये मूळ सिग्नल आणि कॉम्प्रेस केलेला सिग्नल एकत्र मिसळतात. ठोक्याची धार मूळ सिग्नल देतो, शेपटी कॉम्प्रेस केलेला. त्यामुळे कॉम्प्रेस बाजू बिनधास्त १०:१ आणि १०-१२ डीबी कपातीवर नेऊन नंतर ४० टक्के मिसळता येते. बेससाठी ही पद्धत सरळ कॉम्प्रेशनपेक्षा सुरक्षित वाटते. खड्डा एकच: एखाद्या पेडलमध्ये कॉम्प्रेस बाजूची फेज उलटी (लाटेचं वरचं खाली) असते, किंवा डिजिटल मल्टिइफेक्टमध्ये ती काही मिलिसेकंद उशिरा येते. तपासायला कपात शून्यावर आणा, दोन्ही बाजू समान ठेवा आणि खुली ई वाजवा. खर्ज पोकळ झाला, बारीक झाला, तर त्या मशीनमध्ये ब्लेंड वापरू नका.

साइडचेन फिल्टर म्हणजे आजोबांच्या कानात खर्जापुरता बोळा. बेसवर ई तारेची ताकद सगळ्यात जास्त, तीच कपात घडवून आणते आणि तिच्यामुळे वरच्या तारांचा आवाजही खाली ओढला जातो. डिटेक्टरला ८०-१०० हर्ट्झच्या खालचं ऐकूच दिलं नाही की हे पंपिंग थांबतं. बाहेर जाणाऱ्या आवाजातला खर्ज तसाच राहतो, काही कापलं जात नाही. ही सोय थोड्याच पेडलमध्ये आहे. नसेल तर खर्ज पेडलच्या आधी ईक्यूने २ डीबी उतरवा आणि नंतर अ‍ॅम्पवर परत द्या.

ऑप्टिकल पेडल घ्यायचा विचार असेल तर तिथे हे सगळे आकडे सैल होतात. आत एक दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर, बस. त्याचा रिलीज दोन टप्प्यांत सुटतो. एलए-२ए या जुन्या स्टुडिओ युनिटमध्ये निम्मी कपात सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली सुटायला १ ते १५ सेकंद लागतात, किती वेळ आणि किती दाबलं होतं त्यावर. म्हणून त्याला नॉब दोनच, तरी तो मवाळ वाजतो. संथ, बोटांच्या बेसला उत्तम. स्लॅपला नको.

मुलुंडकर_६तार

आज पाच नॉबवाल्याला खूण करून घेतली: अटॅकचं जलद टोक उजवीकडे निघालं, म्हणजे इतके दिवस "मंद" समजून जलद ठेवला होता. रिलीज वाढवल्यावर खुल्या ई ची घरघर गेली. पॉपनंतरचा एक सूर अजून थोडा बसतो, रेशो ४ वरच आहे.

खर्जातला

रेशोला हात लावू नका. इनपुट थोडं कमी करा, पॉपला ८ च्या वर दिवे जाऊ देऊ नका. तरी बसला तर पॉपची तार पिकअपपासून जरा लांब करा: जी च्या बाजूचा पिकअपचा स्क्रू अर्धा फेरा खाली, परत वाजवून बघा, मग पुढचा अर्धा.